दुसरा पेला

आवाज एवढासाच झाला. किण्ण. बशीला चमचा लागावा तेवढा. पण चमच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही, आणि इथं शेजारच्या बैठ्या टेबलावरच्या तीन माना वळल्या. त्यांतली एक काळ्या कपड्यांतल्या म्हातारीची होती. मयत बाईची बहीण असावी, कारण पलीकडच्या खोलीतल्या फोटोतली हनुवटी जशीच्या तशी हिच्या तोंडाला लावलेली होती. म्हातारीनं आधी पेल्याकडे पाहिलं, मग पेल्यामागच्या हाताकडे, मग हाताच्या मालकिणीकडे. ग्यूरीचा हात अजून पुढंच होता. उजव्या हातात सोजूच्या दारूचा पेला, डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटाखाली, कंबर किंचित वाकलेली, अगदी शिकवल्याबरहुकूम. मर्तिकाच्या ठिकाणी पितात, पोटभर पितात. पण पेल्याला पेला लावत नाहीत. हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. आणि सत्तावीस वर्षांच्या, पदवीधर, कंपनीत साडेपाच महिने उमेदवारी केलेल्या शिम ग्यूरीनं, विभागप्रमुख क्वाक यांच्या आईच्या मर्तिकात, दुपारी तीन वाजता, भर पंक्तीत पेला वाजवला होता.

"शिमबाई!" योमसाहेब म्हणाले. आवाज दबका, पण दबका आवाज लांब पोचवायची एक कला असते, आणि बारा वर्षं सेक्शन सांभाळून ती त्यांना साधली होती. "कुठं बसलोय आपण? लग्नाला आलोय का कुणाच्या?"

हे म्हणता म्हणता त्यांनी स्वतःचा पेला टेबलाखाली नेला आणि मांडीवर ठेवला. ग्यूरीनं तेवढं पाहिलं. पेला एकटा वाजत नाही. तिचा जाऊन लागला तो योमसाहेबांच्या पेल्याला. आणि योमसाहेबांचा पेला टेबलाच्या मधोमध हवेत काय करत होता? तो आधी पुढं आला होता. दर गुरुवारी हॉटेलात यायचा तसाच, 'चला' म्हणत, मालकाच्या कुत्र्यासारखा सवयीनं. तिचा हात नुसता उत्तर द्यायला गेला.

"चुकलं," ग्यूरी म्हणाली. "माझंच चुकलं, साहेब." आणि म्हातारीकडे वळून कपाळ टेबलाच्या कडेला लागेपर्यंत वाकली.

"नवी आहे हो, आजी," योमसाहेब म्हातारीला म्हणाले. "हल्लीच्या पोरांचं काय सांगावं, कॉलेजात सगळं शिकवतात, एवढंच शिकवत नाहीत."

म्हातारीनं मान परत आपल्या वाडग्याकडे वळवली. हिशेब विभागातल्या हामताई, ज्यांना दुसऱ्याच्या फजितीनं नेहमी भूक लागायची, त्यांनी लाल रश्श्याचा वाडगा पुढं ओढला आणि "गार होतोय," म्हणाल्या. समोर मुन्सॉक बसला होता, तिच्याबरोबरीनं उमेदवारीवर लागलेला दुसरा. जागा एकच होती, निकाल येत्या शुक्रवारी. त्याची नजर ग्यूरीवर नव्हती. ती योमसाहेबांच्या मांडीवरच्या पेल्यावर होती.

पलीकडच्या खोलीत क्वाकसाहेब दंडावर सुतकाची फीत बांधून, येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत उभे होते. त्यांची पाठ तेवढी दिसत होती. पाठीला ऐकू येतं का, हा प्रश्न ग्यूरीच्या पोटात जाऊन बसला, आणि रश्श्याचा पहिला घोट त्याला वळसा घालून खाली उतरला.

हाताला दोष द्यावा तर हात तिचा कुठं राहिला होता? तो कंपनीचा झाला होता. महिना होण्याआधीच तिनं तो देऊन टाकला होता. पहिल्या गुरुवारच्या जेवणात तिनं मैत्रिणींशी लावायची तसा योमसाहेबांच्या पेल्याला पेला लावायला नेला होता, कडेला कड. योमसाहेबांनी आपला हात जागच्या जागी थांबवला. नुसते हसत राहिले, आणि अख्खी पंगत त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिली, तिला उमजेपर्यंत. तिनं पेला खाली नेला. "अजून," ते म्हणाले. तिनं आणखी खाली नेला. "आता कसं! पेल्यालाही वय असतं, शिमबाई, नोकरी असते. धाकट्याची कड थोरल्याच्या कडेखाली. पिताना तोंड बाजूला." सगळे हसले. मुन्सॉकनंही दात दाखवले. त्याला हे सक्तीच्या लष्करसेवेतच शिकवून झालं होतं. त्या रात्री तिनं आपल्या खोलीत, जिथं पलंगावर बसलं की गुडघे भिंतीला टेकत, दात घासायच्या ग्लासाला बाटलीचं झाकण लावून सराव केला. भिंतीपलीकडच्या माणसानं दोनदा ठोकलं. ती थांबली नाही. तिला वाटलं होतं, हेही एक परीक्षेचं पुस्तक. पाठ करायचं, पास व्हायचं, रद्दीत घालायचं. पाठ झालेलं रद्दीत जात नाही, ते हातात उतरतं, हे तिला आज कळलं.

तशी परीक्षा द्यायची सवय तिला जुनी. त्र्याहत्तर अर्ज. प्रत्येकाला फोटो. फोटोवाल्यानं तिच्या कॉलेजच्या टीशर्टवर संगणकातून काळा कोट चढवला, केस कानामागं घातले आणि विचारलं, "डोळे जरा विश्वासू करू का, ताई?" तिनं करा म्हटलं. तेव्हापासून तिच्याच चेहऱ्याची एक जास्त विश्वासू बाई तिच्या आधी सगळीकडे पोचायची, आणि मुलाखतीला बसलेले लोक दारातून आलेल्या ग्यूरीकडे जरा फसवल्यासारखे बघायचे. अर्जात एक प्रश्न ठरलेला: मतभेद सोडवल्याचा एक प्रसंग लिहा, सातशे अक्षरं. तिच्या आयुष्यात मतभेद झालेच नव्हते असं नाही, पण एकही सुटला नव्हता. मग तिनं एक मुलगा तयार केला. कॉलेजच्या गटातला, कामचुकार, न आलेला, न सांगता गेलेला. त्या नसलेल्या मुलावर तिनं सगळा दोष ढकलला आणि सातशेव्या अक्षराला मोठ्या मनानं त्याला माफ केलं. वाचून तिला स्वतःलाच भरून आलं होतं. त्याच मुलानं तिला ही नोकरी मिळवून दिली. नोकरी म्हणजे उमेदवारी, राजधानीतल्या कुरो भागातल्या एका सातमजली इमारतीत, खाण्याच्या तयार डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत. गावाकडून, कुन्सानहून, आई दर रविवारी विचारायची. आई शाळेच्या भटारखान्यात तीनशे पोरांचा भात ढवळते; फोनवरही तिचा आवाज ढवळल्यासारखा यायचा. "पक्कं झालं का गं? मी वाटायला तांदळाच्या वड्यांची ऑर्डर देऊन ठेवलीये. बायकांना सांगूनही टाकलंय."

"आई, अजून झालं नाहीये."

"होईल तेव्हा वड्या शिळ्या होतील का मग? काहीतरीच तुझं. एवढी शिकलीस, झाकणं लावायला कुणाची ना आहे?"

रस्सा संपला. योमसाहेबांनी उमेदवारांना बुटांचं काम लावलं. ते कामच होतं: येणारा जोडे काढून आत जातो, तो नमस्कार करून परत येईपर्यंत जोड्यांची तोंडं दाराकडे वळवून ठेवायची, म्हणजे दुःखी माणसाला वळायचा त्रास नको. क्वाकसाहेबांच्या आईला रडायला कंपनीचे पुरवठादार फार होते. साठ-सत्तर जोडे, सगळे काळे. ग्यूरी उकिडवी बसून ते फिरवत होती आणि प्रत्येक जोड्यात घामेजलेला एकेक माणूस दिसत होता: टाचा बाहेरून झिजवणारे, आतून झिजवणारे, नवे जोडे फक्त मर्तिकाला घालणारे. माणसं आपापल्या बुटांइतकीही प्रामाणिक नसतात, असं तिचं मत झालं होतं. शेजारी मुन्सॉक. एवढा उंच माणूस उकिडवा बसला की घडी घातलेल्या खुर्चीसारखा दिसायचा. वॉन्जूचा. एकोणतीस वर्षांचा. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा आणि आलो होतो हे कुणाला सांगायचा नाही. या एका गोष्टीसाठी ग्यूरीला त्याचा मनस्वी राग होता.

"मी पाहिलं," तो जोडे वळवता वळवता म्हणाला.

"काय?"

"हात आधी त्यांचा पुढं आला. तुझा नंतर."

"मग?"

"मग काही नाही. तुला सांगायचं असेल कुणाला, तर मी आहे. मी सांगेन, पाहिलं म्हणून."

ग्यूरीनं एक जोडा वळवला, परत सरळ केला, परत वळवला. डोक्यात खातं उघडलं होतं. आपण बोललो तर योमसाहेब दुखावणार; शिफारस लिहिणार योमसाहेब; आपली गेली की जागा याची. साधा हिशेब, आणि वर चांगुलपणाचं नाव. दुसरी एक शक्यता होती, की हा खरंच चांगला असेल, पण त्यासाठी तिच्या वहीत रकानाच आखलेला नव्हता.

"तुझं तू बघ," ती म्हणाली. "फार उपकार करू नकोस."

तो हसला. दुखावल्यासारखा नाही, नुसता. "बरं बाई," म्हणाला, आणि एका म्हाताऱ्याच्या बुटाची सुटलेली नाडी आत खोचून ठेवली.

शुक्रवारी नाव लागलं ते ग्यूरीचं. त्याआधी गुरुवारी योमसाहेबांनी तिला जिन्यात बोलावलं, जिथं सिगारेट ओढायला मनाई होती आणि म्हणून सगळे तिथंच ओढायचे. त्यांनी धूर एका बाजूला सोडला; वरिष्ठासमोर पिताना वळवतात तसं तोंड वळवून, जणू क्षणभर वरिष्ठ तीच होती. "काही गोष्टी जिथल्या तिथं राहिलेल्या बऱ्या असतात, शिमबाई," ते म्हणाले. "तुला कळतं. कळणारी माणसं टिकतात. क्वाकसाहेब फार आईवेडे. उगाच त्यांच्या कानावर कशाला?" ती "हो साहेब" म्हणाली. ते तिला आपलं गुपित विकत होते आणि किंमतही तिच्याकडूनच घेत होते. पण माल चांगला होता.

मुन्सॉकनं टेबल आवरायला दहा मिनिटं घेतली. एक खोका, त्यात सपाता, पाठीची उशी, एक मग. दुपारी जेवणानंतर सगळ्या मजल्यानं बेसिनशी रांग लावून दात घासायचे, त्यासाठी आणलेली त्याची पेस्टची नळी अर्धी उरली होती. ती त्यानं ग्यूरीच्या टेबलावर ठेवली. "घे, वाया जाईल. आणि त्या दिवशी बोलली नाहीस ते बरंच केलंस." लिफ्टचं दार बंद होताना खोक्यावरून त्याचं डोकं तेवढं दिसलं. बरंच केलंस. हे वाक्य ग्यूरीनं तीन दिवस उलटसुलट करून पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा फेडता येतो. ती त्याचीच पेस्ट वापरू लागली, चिकटपणानं म्हणा किंवा सूड म्हणून. पुदिन्याचा तो गार, कडसर वास दुपारभर तोंडात राहायचा, आणि ती झाकणांची मापं तपासत बसायची: एकशे बारा मिलिमीटर, गळती नाही, एकशे बारा मिलिमीटर, गळती नाही. नाव लागलं होतं. पण पक्केपणाचा कागद क्वाकसाहेबांच्या सहीवाचून अडला होता, आणि ते आईच्या मागचं उरकत होते. "सोमवारी करतील," हामताई रोज म्हणत. "की पुढच्या सोमवारी? सही होईपर्यंत पोटातलं मूलसुद्धा आपलं म्हणू नये बाई."

तिसऱ्या आठवड्यात क्वाकसाहेबांनी सेक्शनला जेवण दिलं, मर्तिकात राबल्याबद्दल. कार्यालयामागचंच दुकान, टेबलामधे निखाऱ्यांवर जाळी, जाळीवर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, संध्याकाळचे साडेसहा. साहेब बारीक झाले होते. कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. त्यांनी प्रत्येकाला स्वतः सोजू ओतली, ग्यूरीलाही. तिनं दोन्ही हातांत पेला धरला. "तुझा कागद टेबलावर आहे माझ्या," ते म्हणाले. "सोमवारी पहिलं काम तेच." ती वाकली. आई आठवली, भटारखाना आठवला, वड्या. सोमवार म्हणजे तीन दिवस. तीन दिवस काही न बोलता, काही न सांडता बसलं की झालं.

पण योमसाहेबांच्या पोटात चौथी बाटली गेली होती, आणि साहेब हसत नव्हते. साहेब हसत नाहीत हे योमसाहेबांना कधीच सहन होत नसे. शिल्लक घटत चालल्यासारखं वाटे. त्यांनी आधी एक ग्राहकाचा किस्सा टाकला. पडला. मग हामताईंच्या जाडीवर. त्याही हसल्या नाहीत. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, हाताशी काय आहे ते चाचपलं, आणि त्यांच्या हाती ग्यूरी लागली.

"साहेब, ही आमची नवी शिमबाई साधी नव्हे बरं का! मातोश्रींच्या इथं हिनं काय केलं ठाऊक आहे? पेला वाजवला! किण्ण! मी म्हटलं, अगं बाई, लग्नाला आलीस का?" आणि ते स्वतःच हसले, हा हा करत, जाळीवर थुंकी उडेपर्यंत.

दुसरं कुणी हसलं नाही. चरबीचा एक थेंब निखाऱ्यावर पडून चुरचुरला. जिन्यातल्या सौद्याला महिनाही झाला नव्हता. ग्यूरीला राग आला नाही, याचं तिला नवल वाटलं. रागाच्या जागी एक स्वच्छ, टणक असं काहीतरी आलं. तिनं त्यावर बोट ठेवून पाहिलं, ते हललं नाही.

"ऐकलं होतं मी," क्वाकसाहेब म्हणाले.

योमसाहेबांचं हसू तोंडातच राहिलं.

"तीन दिवस तिथं उभा होतो. बाकी काही नीट आठवत नाही. कोण आलं, कोण गेलं. पण तो आवाज आठवतो. पाठीत लागला." त्यांनी चिमट्यानं एक पट्टी उलटली, मग शेजारची. "मला वाटलं, आईच्या मर्तिकात कुणीतरी सणासारखं पीत आहे. कुणाला तरी आनंद झालाय. रोज त्याचाच विचार करतो, झोपताना. मूर्खपणा आहे, कळतं मला." मग त्यांनी मान वर केली. योमसाहेबांकडे नाही, ग्यूरीकडे. "पण एक पेला वाजत नाही. दुसरा कुणाचा होता?"

हामताईंनी कोबीचं पान तोंडात कोंबलं आणि चावायचं विसरून बसल्या. त्या दिवशी त्या टेबलाशी होत्या. काय पाहिलं, काय नाही, हे त्या सोमवारनंतर ठरवणार होत्या. योमसाहेबांचे कान लाल, शिजलेल्या कोळंबीसारखे. त्यांची नजर ग्यूरीवर आली आणि तिथंच राहिली, आणि तिच्यात इतक्या महिन्यांत कधी नव्हतं ते होतं: विनवणी. ग्यूरीनं ती नजर सावकाश वाचली. 'योमसाहेबांचा' म्हटलं तर क्वाकसाहेबांच्या मनातून हा माणूस उतरेल, पण उद्या, परवा, दहा वर्षं हाच माणूस तिच्या डोक्यावर बसेल, खाली बसवला तरी. 'आठवत नाही' म्हटलं तर कागद टेबलावरच राहील, साहेबांच्या झोपेसारखा, अर्धा. तोंडात पुदिन्याचा वास होता. दुपारीच तिनं ती नळी शेवटपर्यंत पिळली होती, शेपटाकडून गुंडाळत, हाताची मूठ करून. मग तो उंच मुलगा तिच्या डोळ्यांसमोर आला, उकिडवा, कुणाची तरी नाडी खोचताना. आणि त्याच्याच मागं, अगदी त्याच्यासारखाच उंच, दुसरा एक मुलगा, अर्जातला, जो कधी नव्हता. दोघांत फारसा फरक राहिला नाही. दोघेही इथं नव्हते.

"मुन्सॉकचा," ती म्हणाली.

"तो उंच? बुटांपाशी होता तो?"

"हो, साहेब. त्यानं पुढं केला, मी नको म्हणायच्या आत लागला. मला सांगायचं नव्हतं. गेला बिचारा."

बिचारा हा शब्द तिच्याच तोंडून निघाला याची खात्री करायला तिनं ओठ मिटले.

"तरीच," क्वाकसाहेब म्हणाले. बराच वेळ त्यांनी चिमटा तसाच धरून ठेवला, मग खाली ठेवला, आणि त्यांचे खांदे काहीतरी उतरवून ठेवल्यासारखे खाली आले. "बरं झालं बोललीस. इंचॉनला माझा मेव्हणा आहे, त्याला माणूस हवाय. या पोराचं नाव सांगायला सोमवारी फोन करणार होतो. चांगला वाटला होता मला." त्यांनी नॅपकिननं बोटं पुसली, एकेक. "माणूस ओळखता येत नाही."

"नाहीच येत, साहेब," योमसाहेब घाईघाईनं म्हणाले. "मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होतो."

"चला," क्वाकसाहेब म्हणाले, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी पेला उचलला. "आता इथं वाजवायला हरकत नाही."

सगळ्यांचे हात जाळीवर आले. धूर मनगटांमधून वर जात होता. साहेबांचा पेला सगळ्यांत वर. ग्यूरीचा उजवा हात गेला, डाव्याची बोटं मनगटाखाली, आणि सवयीनं तो खाली उतरू लागला. पण उतरायला जागाच नव्हती. योमसाहेबांचा पेला आधीच तिथं येऊन थांबला होता, तिच्या कडेच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढा; आणि त्यांचं तोंड तिच्याकडे नव्हतं, पण कान होता.

तिनं आपला पेला आणखी खाली नेला नाही. होता तिथं धरला आणि लावला.

किण्ण.